एक सेकंद उशिरा

सूड घ्यायचा हे बाईंनी ग्रंथालयात बसून ठरवलं, भूगोलाच्या एका पुस्तकावर शिक्का मारता मारता. भिंतीपलीकडे संगीताची खोली होती आणि तिथून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता.

"आता माझ्यामागून म्हणा," भिंतीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

मुलं म्हणाली. म्हणाली कसली, कोकलली. निम्मी एकीकडे, निम्मी भलतीकडे, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मुद्दाम रेडकासारखं ओरडलं. भिंतीपलीकडच्या बाई तीन सेकंद थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "शाबास! किती छान!"

अलीकडच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षांच्या नोकरीत बेसूर गाण्याला त्यांनी एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. लय सोडणाऱ्या पोराकडे बघून त्या जिभेने टाळूवर टिकटिक करायच्या आणि ते पोर वठणीवर येईपर्यंत थांबायच्या नाहीत. म्हणून तर शाळेत त्यांना टिकटिकबाई म्हणत. आता पडद्यावरची टिकटिकबाई रेडकाला शाबासकी देत होती, आणि खरी टिकटिकबाई शिक्के मारत होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी साथ आली, शाळा बंद झाली आणि सगळे विषय मोबाइलच्या पडद्यावर गेले. गणित गेलं, इतिहास गेला, कसंबसं चाललं. संगीताचे मात्र हाल कुत्रा खाईना. बासष्ट मुलांनी एकदम तोंड उघडलं की फोनमधून नुसता कालवा यायचा. शेवटी बाईंनी सगळ्यांचे माइक बंद केले आणि एकट्याच गायला लागल्या. बासष्ट चौकटींत बासष्ट तोंडं हलायची, आवाज एकाचाही नाही. कोण सुरात आहे, कोण नुसतंच तोंड हलवतंय, काही कळायचं नाही. आपण ओळ म्हणायची, मुलांसाठी तीन सेकंद सोडायचे आणि बरं गायली असतील असं धरून शाबास म्हणायचं. अशा चौऱ्याऐंशी तासिका त्यांनी घेतल्या आणि नियम होता म्हणून सगळ्या रेकॉर्ड करून शाळेकडे दिल्या.

मग त्यांनी एक उद्योग केला. नदीवरचं एक गाणं स्वतः रचलं. प्रत्येक मुलाला कीबोर्डचं रेकॉर्डिंग पाठवलं. एका कानात ते ऐकायचं, सुरुवातीला चार टिकटिक झाल्या की एक टाळी वाजवायची, मग गायचं, आणि गायलेलं बाईंना पाठवायचं. बासष्ट रेकॉर्डिंग्ज आली. कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाच्या मागे आजोबांचा खोकला. बाईंनी एकेक टाळी दुसऱ्या टाळीखाली आणून बसवली. बोटाने सरकवायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचं. अकरा आठवडे डोळ्यांत तेल घालून हे काम केलं, आणि शेवटी बासष्ट घरांतली बासष्ट मुलं एका दमात गायली. ऐकताना बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ढसाढसा रडल्या.

ते गाणं उपमुख्याध्यापकांनी पळवलं.

उपमुख्याध्यापकांना मुलं लॅपटॉप सर म्हणत. हा माणूस लॅपटॉप काखेत घेऊनच जन्माला आला असावा. सभेत बसला की झाकण उघडायचा आणि पडद्याकडे बघत भुवया उंचावायचा. आत काय चाललंय ते कुणाला कधी कळलं नाही. त्यांनी ते गाणं शिक्षणाधिकाऱ्यांच्या परिषदेत नेलं, 'दूरस्थ समूहगायनाची माझी पद्धत' या नावाने अर्धा तास भाषण ठोकलं आणि पितळी स्मृतिचिन्ह घेऊन आले. गाण्याच्या शेवटी नावांची यादी सरकत होती. तिच्यात बाई होत्या. 'साहाय्य' या शब्दापुढे, चहा देणाऱ्या शिपायाच्या खाली.

बाई तेव्हा मूग गिळून गप्प बसल्या. शाळा उघडली की मुलं परत मिळतील, मग कशाला वाद, असं त्यांना वाटलं होतं.

शाळा उघडली, पण अर्धीच. आज अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरी. उद्या उलट. आणि लॅपटॉप सरांनी बाईंना बोलावून साखर पेरलेल्या आवाजात सांगितलं, "तुमच्या चौऱ्याऐंशी तासिका तयारच आहेत ना, बाई. वर्गातही त्या दाखवता येतील आणि घरीही. सगळ्यांना सारखं शिक्षण! तुमचं काम तर तुम्ही करूनच ठेवलंय."

"आणि मी?"

"तुम्ही ग्रंथालय बघा. आराम आहे तिथे."

"सर, मूल चुकलं तर त्याला सांगणार कोण?"

"तुम्ही आहातच की पडद्यावर," सर म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडून भुवया उंचावल्या.

तर असा तो शिक्का आणि अशी ती भिंत.

संधी चालून आली ती महिनाभराने, आणि सरांनीच ती ताटात वाढून आणली. वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. सभागृहात तीसच मुलं बसवायची परवानगी होती. सर ग्रंथालयात आले, टेबलावर टेकले आणि म्हणाले, "या वर्षी नदीचं गाणं थेट करायचं. तीस मुलं रंगमंचावर, बत्तीस घरून, मागे मोठ्या पडद्यावर. सगळी एकदम गाणार. शिक्षणाधिकारी येणार आहेत, विश्वस्त येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, हे आपण दोन वर्षांपूर्वीच करून दाखवलंय."

बाईंच्या हातातला शिक्का हवेतच थांबला.

या माणसाला माहीतच नव्हतं! त्याला खरोखर वाटत होतं की मागच्या वेळी बासष्ट मुलं एका वेळी गायली होती. ज्या कामाचं स्मृतिचिन्ह त्याच्या टेबलावर चकाकत होतं, ते काम कसं झालं हे त्याने कधी विचारलंसुद्धा नव्हतं. घरच्या मुलाला कीबोर्ड ऐकू जायला अर्धा सेकंद लागतो. ते मूल त्याबरोबर गातं. त्याचा आवाज परत यायला आणखी अर्धा सेकंद. कुणाचा थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त. बत्तीस मुलं, बत्तीस उशीर. नुसता चिखल होणार. कुणी एकदा करून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

"काही अडचण?" सरांनी विचारलं.

"छे, अडचण कसली," बाई म्हणाल्या. "फार सुंदर कल्पना आहे, सर. तुमच्याशिवाय कुणाला सुचली नसती."

संध्याकाळी त्यांनी हे ताईला सांगितलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त होऊन बाईंकडेच राहते. माणसाचं पोट उघडताना पाहिलेलं असल्यामुळे तिला सहसा कशाचं काही वाटत नाही.

"म्हणजे तू त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार आणि शिडी काढून घेणार," ताई वाटाणे सोलत म्हणाली.

"शिडी मी कुठे काढतेय? त्याने लावलीच नव्हती."

"पण आधी सराव होईलच की. तेव्हाच कळेल त्याला."

बाई हसल्या. हे हसू ताईने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "सराव छान होईल. सराव इतका छान होईल की तो स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेईल."

"आणि पोरांचं काय गं, धाकटे?"

"त्यांना कळणारही नाही. घरी त्यांना सगळं बरोबरच ऐकू येतं. कीबोर्ड ऐकतात, त्याबरोबर गातात. गोंधळ होतो तो फक्त सभागृहात. एकाही पोराचा कान दुखणार नाही."

ताईने एक वाटाणा तोंडात टाकला. "कान दुखणार नाही," ती म्हणाली आणि तिने पुढची शेंग उचलली.

बाईंनी तयारी अशी केली की कुठेही बोट ठेवायला जागा नको. बत्तीसही मुलांकडून 'गृहपाठ' म्हणून गाणं रेकॉर्ड करून मागवलं, चार टिकटिक, एक टाळी, सगळं पूर्वीसारखं. पंधरा दुपारी खपून ते जुळवलं. सरावाच्या दिवशी घरची मुलं पडद्यावर आली. त्यांना ऐकू जात होता फक्त कीबोर्ड, त्यासाठी बाईंनी वेगळी वायर जोडली होती. आणि सभागृहाच्या स्पीकरमधून वाजत होतं ते जुळवलेलं रेकॉर्डिंग. पडद्यावर मुलं खरोखर गात होती, पण त्यांचा आवाज बाईंनी बंद ठेवला होता. एवढ्याएवढ्याशा चौकटींत ओठ मागेपुढे हलताहेत हे कोण बघतंय?

पहिली ओळ एकटीची होती. ती गायची खिडकीवाली. सातवीतली मुलगी, छाती नाजूक, डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केलेली. अर्धी शाळा उघडली तरी तिची उघडली नव्हती. दोन वर्षं ती त्याच खिडकीशी, त्याच निळ्या पडद्यापुढे बसून शिकत होती. आई फोन धरून उभी राहायची. आवाज असा की बाईंना एकवीस वर्षांत दोनदाच तसा भेटला होता.

तिची ओळ सभागृहात घुमली. मग रंगमंचावरची तीस मुलं, मग घरची बत्तीस. कुठे केसभर फट नाही. सराव बघायला विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई मुद्दाम आल्या होत्या. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या आणि सहसा कशानेही हलत नसत, पण त्या उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. बाईंनी सभागृहाचा माइक उघडला, म्हणजे टाळ्या घरीही जाव्यात. खिडकीवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिची आई मागे नाचत असावी, कारण चौकट हलत होती.

"बघितलंत?" लॅपटॉप सर अध्यक्षबाईंना म्हणाले. "माझी पद्धत."

बाईंनी वायर गुंडाळली. आता एकच काम उरलं होतं. सर चिडून त्यांच्याकडे वळतील आणि म्हणतील, 'बाई, हे काय?' तेव्हा काय बोलायचं ते त्यांनी आरशासमोर पाठ केलं होतं. तीन आठवडे रोज, केस विंचरताना. एकच वाक्य. ते म्हणताना हात कुठे ठेवायचा तेही ठरलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च नव्हतं, पण जे होते ते महत्त्वाचे होते. शिक्षणाधिकारी पहिल्या रांगेत, शेजारी अध्यक्षबाई, मग विश्वस्त, मागे पालक. लॅपटॉप सर नव्या कोटात. त्यांनी दहा मिनिटं भाषण केलं. त्यात 'थेट' हा शब्द किती वेळा आला ते बाईंनी मोजायला घेतलं आणि अकरावर सोडून दिलं.

मग त्या कीबोर्डशी बसल्या. या वेळी रेकॉर्डिंग नाही. घरच्यांचे माइक उघडे. सर म्हणाले होते थेट, तर घ्या थेट.

त्यांनी सुरुवात वाजवली. खिडकीवालीची जागा आली आणि रिकामी गेली. सेकंदाने तिचा आवाज आला, स्वच्छ, धीट, आणि तालाच्या पूर्ण बाहेर. तिची ओळ संपायच्या आतच रंगमंचावरची मुलं घुसली, कारण कीबोर्ड पुढे गेला होता. मग घरची बत्तीस आली, एकेक करून, टपाटप, जिन्यावरून बटाट्यांचं पोतं सांडावं तशी. रंगमंचावरची गांगरून घरच्यांसाठी थांबली. घरची थांबेनात, त्यांना काय माहीत! दुसऱ्या कडव्यात कोण काय गातंय हे कुणालाच कळेना. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, मग अख्खी रांग. शिक्षणाधिकारी हातातली पत्रिका वाचू लागले.

बाई वाजवत राहिल्या. सरांचा चेहरा त्यांना कडेने दिसत होता. आधी हसरा, मग ताणलेला, मग कोटाच्या अस्तरासारखा पांढरा. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. चौऱ्याऐंशी तासिका, 'साहाय्य', तो शिक्का, सगळं त्या एका चेहऱ्यात वसूल झालं. त्यांनी शेवटचा सूर जरा जास्तच लांबवला.

गाणं संपलं. बाईंनी सवयीने सभागृहाचा माइक उघडला. टाळ्या नव्हत्या. पडद्यावरच्या चौकटींत बत्तीस मुलं हसऱ्या चेहऱ्याने त्यांची वाट बघत होती.

सर माइककडे धावले. बाईंनी मान ताठ केली. आता ते वळतील. आता.

सर वळले ते पडद्याकडे. "मी माफी मागतो," ते म्हणाले. "सरावाला हे उत्तम झालं होतं, अध्यक्षबाई साक्षी आहेत. घरच्या मुलांनी आज हलगर्जीपणा केला. घरी शिस्त राहत नाही, हे आपल्याला मान्य करावं लागेल. विशेषतः पहिली ओळ. सुरुवातच चुकली की पुढे सगळं कोसळतं."

पडद्यावर एकेक हसू विझलं. खिडकीवालीने मागे आईकडे पाहिलं, मग पुन्हा समोर. "मी चुकले?" तिने विचारलं. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

बाईंनी सगळं धरलं होतं. सर आपल्यावर घसरतील हे धरलं होतं, यंत्रावर घसरतील हेही धरलं होतं. हा माणूस पोरांच्या अंगावर ढकलेल हे काही त्यांनी धरलं नव्हतं. त्या उठल्या. हात कुठे ठेवायचा ते विसरूनच गेल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी बासष्ट आवाज तुम्ही जुळवलेत कसे?"

पाठ केलेलं वाक्य हेच होतं. ते म्हणताना गोड लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही.

"त्याचा इथे काय संबंध?"

"कसे जुळवलेत? तुमची पद्धत आहे ना?"

"सॉफ्टवेअरने," सर म्हणाले.

"कुठल्या?"

सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं. या वेळी झाकण उघडून उपयोग नव्हता.

"मुलं चुकलेली नाहीत," बाई सभागृहाकडे वळून म्हणाल्या. "एकही नाही. घरचा आवाज इथे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे थेट एकत्र गाणं होतच नाही. मागच्या वेळी प्रत्येकाने वेगळं गायलं आणि मी एकेक टाळी लावून अकरा आठवडे ते जुळवलं. सरांना हे माहीत नाही, कारण ते त्यांनी केलेलंच नाही."

पालकांत कुजबुज उठली. शिक्षणाधिकाऱ्यांनी पत्रिका खाली ठेवली. सरांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि तो त्यांच्या हातातून पडला. ते वाकले नाहीत.

"एक मिनिट," अध्यक्षबाई म्हणाल्या. आयुष्यभर साक्षी ऐकलेला आवाज. "थेट होतच नाही, तर सरावाला कसं झालं? मी स्वतः ऐकलंय."

बाईंना एक खोटं सुचलं, अगदी जवळच होतं. पण पडद्यावर बत्तीस जण बघत होते.

"सरावाला मी रेकॉर्डिंग लावलं होतं."

"मुद्दाम?"

"हो. आज हे व्हावं म्हणून."

अध्यक्षबाईंनी आधी सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "सोमवारी सकाळी दोघंही माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "स्मृतिचिन्ह घेऊन या, सर. आणि बाई, तुम्ही राजीनामा लिहून आणा. घ्यायचा की नाही ते मी ठरवेन."

लोक उठले. खुर्च्या सरकल्या. सर कुणाशी न बोलता बाजूच्या दाराने गेले, लॅपटॉप टेबलावरच राहिला. पालक जाताना बाईंकडे बघत होते, त्यातले काही रागाने, काही भलत्याच कौतुकाने. एका बापाने तर अंगठा दाखवला. बाईंना वाटलं, नोकरी गेली तर गेली. त्याचं नाक कापलं, पोरांवरचा डाग पुसला. एवढं पुरे.

पडद्यावरच्या चौकटी एकेक करून काळ्या झाल्या. एक उरली. निळा पडदा, खिडकी, आणि ती.

"तू चुकली नाहीस हं," बाई माइकजवळ जाऊन म्हणाल्या. "ऐकलंस ना?"

"ऐकलं." मुलगी म्हणाली. "बाई, सरावाला टाळ्या वाजल्या होत्या, त्या रेकॉर्डिंगला होत्या?"

"आवाज तुझाच होता त्यात."

"तो गृहपाठाचा होता. तेव्हा मला खोकला होता." ती फोनच्या जवळ आली. "सरावाच्या दिवशी मी खूप चांगलं गायले होते. दोन वर्षांनी शाळेत गातेय म्हणून. ते कुणी ऐकलं?"

बाईंनी तोंड उघडलं. एकवीस वर्षं त्यांनी मुलांना खरं तेच सांगितलं होतं.

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या.

"आईने ऐकलं," मुलगी म्हणाली आणि तिने फोन बंद केला.